फुंक्या मॅलनचं पाणी

अमेरिकेत, ओहायोमधल्या होम्स परगण्यात, विजेशिवाय जुन्या चालीनं राहणाऱ्या आमिश ख्रिस्ती लोकांच्या एका मंडळीत मॅलन राबर नावाची माणसं तीन होती. एक उंच मॅलन. दुसरा लोणी-मॅलन, लहानपणी याचा हात लोण्याच्या बरणीत अडकला होता, आता नातवंडं झाली तरी बिचाऱ्याची सुटका नाही. आणि तिसरा टेकडी-मॅलन. आपला मॅलन हा तिसरा. पुढे त्याचं नाव बदलून फुंक्या मॅलन झालं. ते का झालं आणि त्यानं ते कसं पचवलं, ते सांगतो.

घरची सपाट, काळीभोर जमीन धाकट्या भावाकडे गेली, कारण तिकडे बापाचं घर धाकट्याकडेच जातं. मॅलनच्या वाट्याला टेकडी आली. टेकडीवर गवत चांगलं, सफरचंदं चांगली, आणि वारा तर असा की मॅलनची दाढी कायम एका अंगाला कललेली. नव्हतं ते फक्त पाणी. विहीर पाडणारे आले, खोल भोक पाडून गेले, आणि खालून निघाली धूळ. पाणी होतं ते खाली घळीत, एका जुन्या विहिरीत, बारा महिने काठोकाठ. पण घळीत वाऱ्याची झुळूक नाही, त्यामुळे विहिरीवर पवनचक्की उभी करावी तर ती नुसती शोभेला. देवानं वाराही दिला आणि पाणीही दिलं, फक्त दोघांची गाठ पडू दिली नाही, असं मॅलन म्हणायचा.

"देवानं दिलं ते बरोबरच दिलं," त्याची बायको सलोमा म्हणायची. "घर चुकीच्या जागी तू बांधलंस."

पाणी पिंपांत भरून घोडागाडीनं वर यायचं. सोमवारचं धुणं घेऊन सलोमा स्वतः घळीत उतरायची आणि ओल्या कपड्यांचं ओझं घेऊन चढायची. तिच्या घरात पाण्याचा थेंब वाया जात नसे. भाज्या धुतलेलं पाणी कोंबड्यांना, भांड्यांचं पाणी मिरच्यांना, आणि कुणी पेल्यात घोटभर ठेवलंच तर ते खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत. अर्धा पेला पाणी ओतून देणारा माणूस तिच्या लेखी चोर होता. पाहुण्यांना हे माहीत असल्यानं ते पेला संपवूनच उठत, तहान असो वा नसो.

पण पाणी वाहण्याचं दुःख सलोमाला नव्हतं. बायका काय काय वाहतात, त्यात पाण्याची पिंपं आणखी एक. तिचं दुःख होतं बाकांची गाडी.

आमिशांचं देऊळ नसतं. एक रविवार सोडून उपासना भरते ती पाळीपाळीनं कुणाच्या तरी घरी, नाहीतर कोठारात. आदल्या आठवड्यात राखाडी रंगाची एक गाडी लाकडी बाकं घेऊन त्या घरी येते, आणि ती दारात उभी राहिली की घरच्या बाईचा रुबाब बघावा. वर्षातून एकदा मॅलनची पाळी यायची. पण दोनशे माणसं आणि त्यांचे घोडे, एवढ्यांना पाणी पिंपांनी कुठून पुरवणार? म्हणून दरवर्षी टेकडी-मॅलनची पाळी पायथ्याच्या ॲटली मास्टच्या कोठारात साजरी व्हायची. सलोमा आपल्या हातचे सफरचंदाचं सारण भरून भाजलेले गोड 'पाय', लोणच्याच्या बरण्या, पाव असं सगळं गाडीत घालून खाली न्यायची, आणि दुसरीच्या स्वयंपाकघरात उभी राहून चमचे कुठं आहेत ते विचारायची. वीस-बावीस वर्षं हेच चाललं होतं. थोरल्या मुलीचं लग्नसुद्धा ॲटलीच्याच कोठारात लागलं.

ॲटली माणूस वाईट नव्हता. कोठार द्यायचा, गवत द्यायचा. फक्त तोंड आवरत नसे त्याला.

"मॅलन, तुझ्या टेकडीवर देव का येत नाही रे?" तो भर जेवणात विचारायचा. "त्यालाही तहान लागते वाटतं!"

लोक हसत. मॅलनही हसे. सलोमा पाव कापत राही.

लेकीच्या लग्नानंतर दोघं टेकडी चढून घरी आली, तेव्हा तिनं रिकामी भांडी ओट्यावर ठेवली आणि टोपीच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, "मॅलन, मला एकदा माझ्या स्वतःच्या दारात उभं राहून लोकांना 'या' म्हणायचंय. बास. दुसरं काही मागत नाही."

ती काही मागणाऱ्यातली नव्हती, म्हणून ते शब्द त्याला लागले.

आता मार्ग काय? इंजिन लावून पाणी वर चढवता आलं असतं, पण त्या मंडळीच्या नियमात इंजिनाला मळणीपुरती मुभा होती, घरच्या पाण्याला नाही. वीज तर नाहीच. मॅलननं आधी टेकडीच्या माथ्यावर जुनं पवनचक्र उभं केलं आणि त्याला लांबच लांब तार बांधून ती घळीतल्या पंपापर्यंत नेली. वर चक्र फिरलं की तार पुढे-मागे ओढली जायची आणि खाली पंपाचा दांडा हलायचा. हलला की! दोन दिवस हलला. तिसऱ्या दिवशी ॲटलीच्या कालवडीला त्या हलत्या तारेवर अंग खाजवण्याचा शोध लागला, आणि ती तारेत अशी गुरफटली की तिला सोडवायला अर्धी मंडळी जमली. तार गेली. कालवड मात्र पुढे कितीतरी दिवस टेकडीकडे आशेनं बघत असे.

तार सरळ जाते, वळत नाही, वाटेत गाय आली की भांडण. मग वळणारं काय असतं? नियम जरा सैल असलेल्या शेजारच्या मंडळीतल्या सुतारांच्या कारखान्यात करवती, गिरमिटं दाबलेल्या हवेवर चालायची. रबरी नळी कोपऱ्याकोपऱ्यातून वळत जायची आणि टोकाला यंत्र भिंगरीसारखं फिरायचं. मॅलन ते हजार वेळा बघून आला होता. एका दुपारी त्यानं ते पुन्हा बघितलं आणि हातातली फळी तिथंच टाकून घरी आला. काम पोचवायचं तर तार कशाला? हवाच पाठवायची. वाऱ्यानंच हवा दाबायची आणि नळीत घालून घळीत सोडायची.

भंगारातून त्यानं ट्रकच्या ब्रेकचा जुना, हवा दाबणारा कॉम्प्रेसर आणला आणि तो बिशप योस्टकडे विचारायला गेला. योस्ट हर्शबर्गर परसात घोड्याचा साज शिवत बसला होता. बिशप झाला म्हणून त्याला कुणी अहो-जाहो करत नसे. त्या बोलीत अहो-जाहो जवळजवळ नाहीच.

"इंजिन आहे का?" योस्टनं दोऱ्याचं टोक चाटत विचारलं.

"नाही."

"वीज?"

"नाही रे. नुसती हवा. टेकडीवरची हवा नळीतून घळीत न्यायची."

"टेकडीवरची हवा घळीत तशीही येते, मॅलन."

"ही काम करत येईल."

योस्टनं चार टाके घातले, पाचवा घातला. मग म्हणाला, "पवनचक्क्या आपल्या बापजाद्यांकडेही होत्या. हवा नळीच्या बाहेरून गेली काय आणि आतून गेली काय, मला तरी नियमात फरक दिसत नाही. फक्त डोक्यात जाऊ देऊ नकोस."

"काय?"

"हवा."

उन्हाळाभर मॅलन खपला. माथ्यावर चक्राखाली कॉम्प्रेसर बसवला, उतारावर चर खणून नळी पुरली, आणि नळीचं तोंड विहिरीतल्या उभ्या पाइपात खालून घातलं. हवा बुडबुड्यांनी वर येईल आणि पाण्याला सोबत घेऊन येईल, असा हिशेब. पहिल्या चाचणीला कुणाला बोलावलं नव्हतं, पण ॲटलीला बोलवावं लागत नसे. तो कुंपणाला टेकून उभाच होता.

वर चक्र गरगरलं. खाली पाइपातून गुडगुड ऐकू आली, आणि पाणी फेसाळत चढू लागलं. पाणी विहिरीच्या काठाच्या वर, माणसाच्या उंचीइतकं आलं... आणि तिथंच थांबलं. फेस, बुडबुडे, गुडगुड, पण टेकडी चढण्याचं नाव नाही. मॅलननं झडप आणखी उघडली. तेवढ्यात नळीचा सांधा फटकन सुटला, ॲटलीची टोपी उडून विहिरीत पडली आणि त्याच्या तोंडावर चिखलाचा सपकारा बसला.

ॲटलीनं बाहीनं तोंड पुसलं. "वा रे पठ्ठ्या! एवढी मेहनत करून विहिरीला ढेकर द्यायला लावलीस!"

पुढच्या रविवारपर्यंत सगळ्या मंडळीत टेकडी-मॅलन संपला होता आणि फुंक्या मॅलन जन्माला आला होता. बारकी पोरं गाल फुगवून त्याच्याकडे बघत. तो म्हणायचा, मला काही वाटत नाही. पण दाणागोट्याच्या गिरणीत जायला तो आता मागच्या रस्त्यानं जाऊ लागला, म्हणजे वाटत होतंच. त्या नावाचा त्याला राग नव्हता. ते नाव उद्या सलोमाला चिकटेल, फुंक्याची बायको म्हणून तिला ॲटलीच्या कोठारात पुन्हा चमचे शोधावे लागतील, याचा होता.

यंत्र तसंच पडून राहिलं. श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराला, तिकडे त्याला काय म्हणतात ते म्हणोत, कोबी भरत आला होता आणि त्यावर अळी पडली होती. सलोमा हातपंपाच्या डब्यानं कोबीवर साबणाचं पाणी मारत होती. मॅलन पायरीवर तोंड पाडून बसला होता.

"मॅलन, इकडे बघ."

त्यानं मान वर केली आणि साबणाच्या पाण्याची धार बरोब्बर त्याच्या छातीवर बसली.

"काय गं हे!"

"आता सांग, या डब्यात हवा मी कुठून भरते? वरून की खालून?"

"वरून."

"आणि पाणी केवढ्या लांब जातं?"

त्यानं ओल्या छातीकडे बघितलं.

"तू विहिरीत खालून हवा सोडतोस," सलोमा म्हणाली. "खालून सोडली की पाणी नुसत्या गुळण्या करतं. वरून दाबलं की पिचकारी मारतं. तुझं यंत्र गुळण्या करतंय, मॅलन. त्याला पिचकारी मारायला शिकव."

तो उठला तो ओल्या सदऱ्यानंच घळीत गेला.

मग त्यानं बोअरच्या जाड पाइपाचं एक लांब नळकांडं दोन्ही तोंडं बंद करून विहिरीत बुडवलं. तळाला एक झडप, तिच्यातून पाणी आपसूक आत शिरायचं. भरलं की आतला तरंगता गोळा वर येऊन हवेची वाट उघडायचा. हवा वरून पाण्याला दाबायची, आणि दुसऱ्या नळीनं पाणी निमूट टेकडी चढायचं. नळकांडं रिकामं झालं की उरलेली हवा बाहेर पडायची, फुस्स. पुन्हा भरायचं. भरलं, दाबलं, फुस्स. हे दोन ओळींत सांगून झालं, पण तो तरंगता गोळा नेमक्या वेळी वर-खाली व्हावा म्हणून त्यानं सगळा हिवाळा घालवला. कधी गोळा अडके, कधी झडप गळे, कधी नळीत बर्फ. ॲटली वरचेवर डोकावून जाई. मॅलन ढेकरांची चौकशी ऐकून घेई आणि काम करत राही.

बर्फ वितळलं, आणि एका सकाळी माथ्यावरच्या टाकीत पेन्सिलीएवढी धार पडू लागली. जेमतेम पेन्सिलीएवढी, पण दिवसभर, रात्रभर, वारा असेपर्यंत न थांबणारी. मॅलन टाकीच्या काठाला धरून बराच वेळ उभा राहिला. सलोमा मागून येऊन उभी राहिली. तिनं बोट धारेखाली धरलं, चाटलं, आणि घरात गेली. आत जाऊन ती रडली, हे त्याला ऐकू आलं.

कुणाला त्यांनी सांगितलं नाही. सांगणं म्हणजे मिरवणं, आणि त्या लोकांत मिरवण्याइतकं मोठं पाप नाही. टाकी भरली, घरात नळ आला, दारात घोड्यांसाठी दगडी हौद झाला. मग मॅलन योस्टकडे गेला.

"यंदा आमची पाळी आमच्याकडे."

"पाणी?"

"आहे."

योस्टनं त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मान डोलावली.

बाकांची गाडी टेकडी चढली तेव्हा सलोमा खिडकीत होती. घोडे फुरफुरत होते, वळणावर चाकं सरकत होती, राखाडी गाडी हळूहळू वर येत होती. गाडी दारात थांबली तोवर बघता बघता सलोमानं चुलीवरचं सफरचंद करपवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी पांढरा शुभ्र एप्रन घालून ती दारात उभी राहिली. "या." प्रत्येक बाईला हात हातात घेऊन, गालाला ओठ लावून, "या, या." मॅलनच्या म्हणण्याप्रमाणे ॲटलीच्या बायकोला तिनं दोनदा 'या' म्हटलं. त्यात चुकून किती होतं, ते त्यानं कधी विचारलं नाही.

माणसं मात्र अंदाजाच्या बाहेर आली. शेजारच्या मंडळींना त्या दिवशी सुट्टीचा रविवार, आणि ॲटलीनं चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं की फुंक्याकडे गंमत आहे, चला. कुंपणाशी घोड्यांची रांग संपेना. कोठारात संथ, लांबलचक स्तोत्रं झाली, दोन प्रवचनं झाली. मग बाकं जोडून टेबलं झाली, पाव, गोड शेंगदाण्याचं लोणी, बिटाचं लोणचं, चीज, पाय आणि कॉफी आली. पहिली पंगत बसली. योस्ट मधोमध.

आणि ॲटली हौदाकडून आला.

"मॅलन, हौदाचा तळ दिसायला लागलाय." तो हळू बोलत नसेच. "माझ्या घोडीनं तर दगड चाटला."

त्याच वेळी स्वयंपाकघरात नळानं दोन आचके दिले आणि तो गप्प झाला. सलोमा कॉफीची रिकामी किटली घेऊन दारात आली. बायकांची दुसरी पंगत अजून बसायची होती. ती मॅलनकडे बघत होती.

बाहेर वारा असा की कुंपणावरच्या टोप्या धरून ठेवाव्या लागत होत्या. ॲटलीनं मान वर करून माथ्याकडे बघितलं.

"एवढा वारा सुटलाय आणि तुझं चक्र उभं? हवा गुल झाली की काय फुंक्या?"

"मी बांधून ठेवलंय," मॅलन म्हणाला.

"काय?"

"काल संध्याकाळी. आज रविवार ना. घोड्यांचा साज उतरवतो, कुऱ्हाड भिंतीला लावतो. मग त्यालाच तेवढं रविवारी कशाला राबवायचं?"

बाकांवर कुठंतरी फिस्सकन हसू फुटलं आणि पसरत गेलं.

"बांधून ठेवलंस?" सलोमा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं मॅलनला वाटलं.

जाऊन दांडा ओढला की काम झालं असतं. पण दोनशे माणसांदेखत, बिशपच्या समोर, रविवारी यंत्र चालू कोण करणार? तो तिथंच उभा राहिला, हात लोंबकळत. सगळे योस्टकडे बघू लागले. योस्ट बिटाचं लोणचं चावत होता, आणि घाईत नव्हता.

"मॅलन, सकाळी गायींचं दूध काढलंस?"

"काढलं."

"आज? रविवारी?"

"गाईला रविवार कळत नाही, योस्ट."

"मग वाऱ्याला कळतो, हे तुला कुणी सांगितलं?" योस्टनं पावाचा तुकडा उचलला. "तो सकाळपासून सुटलाय. ज्यानं सोडला त्यानं मला विचारलं नाही, तुलाही नाही. तू कोण रे बांधणारा? जा, सोड ते. मला अजून कॉफी हवी आहे."

मॅलन पळाला. पन्नाशीचा दाढीवाला माणूस, टोपीशिवाय, चढावर, पोरासारखा. त्यानं दांडा ओढला. चक्र कुरकुरलं, वळून वाऱ्यासमोर आलं आणि फिरू लागलं. तो धापा टाकत हौदाशी आला, तोवर अर्धी मंडळी तिथं जमली होती.

काहीच झालं नाही. नळीत हवा साठायला वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं. पण तो वेळ एवढा लांब असतो, हे माहीत नव्हतं. घोडे पाय आपटत होते. ॲटलीनं बोलायला तोंड उघडलं.

खालून, घळीतून, स्पष्ट ऐकू आलं: फुस्स.

ॲटलीनं तोंड मिटलं. नळीनं एकदा खाकरून घेतलं, दुसऱ्यांदा खाकरलं, आणि पाणी हौदाच्या दगडावर आदळलं. नेहमीची पेन्सिलीची धार नव्हे ती. त्या वाऱ्यानं मनगटाएवढी धार उसळत होती. पहिली घुसली ती ॲटलीचीच घोडी, मालकाला खांद्यानं बाजूला सारून. गर्व करायचा नाही म्हणून जमलेल्या सगळ्यांनी एकदमच तोंडं सरळ ठेवण्याचा प्रयत्न केला. कुणालाही जमलं नाही. उंच मॅलन ओरडला, "फुंक्या!" आणि सगळे ओरडले, "फुंक्या! फुंक्या!" मॅलनला त्या नावात पहिल्यांदाच गोडी वाटली.

"माझ्या वरच्या कुरणातही पाणी नाही," ॲटली घोडीच्या पाठीवर हात फिरवत, तिच्याशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"ये उद्या वर. बघू," मॅलन म्हणाला.

पुढे त्या भागात माथ्यावर चक्र आणि घळीत फुस्स अशी घरं होत गेली, आणि टेकडीवर घर बांधणाऱ्या प्रत्येक नव्या जोडप्याला म्हातारे सांगू लागले, आधी फुंक्याला विचार. म्हातारपणी तो पत्ता सांगतानाही तेच नाव सांगे.

पण त्या रविवारी संध्याकाळी शेवटची घोडागाडी टेकडी उतरून गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला, तेव्हा सलोमा एकटी टेबल आवरत होती. कुणीतरी पाहुणा अर्धा पेला पाणी तसंच टाकून गेला होता. तिनं तो उचलला. सवयीनं खिडकीकडे, जिरेनियमच्या कुंडीकडे वळली. थांबली. मग मागे फिरली, आणि ते स्वच्छ पाणी मोरीत ओतून दिलं.

मॅलन दारात उभा होता. "सलोमा, गर्व होतोय हं."

तिनं पेला नळाखाली धरून काठोकाठ भरला, दोन घोट प्यायली आणि उरलेलं तेही ओतलं.

"होऊ दे," ती म्हणाली. "उद्या सोमवार आहे. धुण्याबरोबर तोही धुवून टाकीन."